मधलं टिंब

फेसिंग मारलं की मधोमध एक टिंब उरतं.
मोहरीएवढं, कधी खसखशीएवढं.
आधी बोटाला लागतं, मग डोळ्याला दिसतं.
टूल खाली आहे, एवढंच ते सांगतं.
किती खाली, ते आपण शोधायचं.

एकोणीस वर्षं सातपूरला होतो,
हे टिंब कधी भेटलं नाही.
तिथे काचेच्या दारामागे मशीन स्वतःच माप घ्यायचं.
मी हिरवं बटण दाबायचो
आणि लाल दिव्याची वाट बघायचो.

मग हिशेब मिळाला.
त्यातून हा तीन फुटी लेथ आला,
भंगारवाल्याच्या टेम्पोतून, दोरीने बांधलेला,
सिडकोतल्या घरामागे, पत्र्याखाली.
कपडे वाळत घालायची दोरी हिने मुकाट्याने गच्चीवर नेली.

टेलस्टॉकच्या सेंटरला टोक भिडवून पाहिलं. जुळलं.
पण टेलस्टॉकच झिजलेला,
त्याच्या साक्षीला काय अर्थ!
पॅकिंग घालत गेलो:
हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, रॉकेलच्या डब्याचा पत्रा,
दाढीची दोन पाती, एकावर एक.
तरी केसभर कमीच.

दारात पालखेडचा बोरस्ते, मोटारसायकलला टेकून.
फवारणीच्या ब्लोअरचा बुश हवाय त्याला, आजच.
भुरी थांबत नाही हो, म्हणतो,
आणि कानटोपी खाली ओढतो.
पहाटेपासून निफाडकडचा गारठा आलाय,
हँडलला हात चिकटतो.

तेव्हा खणात कंपनीचं ओळखपत्र दिसलं.
कात्रीने उभं कापलं.
फोटोची बाजू ट्रेमध्ये टाकली,
नंबराची बाजू टूलखाली सारली.
इतकी नेमकी बसली
की मला माझंच हसू आलं.

जॉबला टूल लागलं आणि तो किंचाळला.
शेजारच्या गाळ्यातले अहिरराव मिस्त्री उठून आले,
चहाचा कप हातातच.
चष्मा कपाळावर. वाचायला लागतो, कापायला नाही.

खिशातून सहा इंची पट्टी काढली,
गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये
अलगद धरली, द्राक्षाचा मणी धरावा तशी.
वरचं टोक माझ्याकडे झुकलं.
"तुझ्याकडे आली, तर टूल खाली.
पलीकडे गेली, तर टूल वर.
उभी राहिली, तर गप्प बस आणि काप."

मी म्हटलं, सकाळी उभी राहिली होती.
"उभी राहिली असेल. जोर नव्हता तेव्हा."
बोल्ट सैल केले, थर उपसले,
प्लास्टिकचा अर्धा तुकडा चिमटीत धरून उजेडात नेला,
उलटा करून नंबर वाचला.
काही विचारलं नाही.
"दबतं ते खाली घालू नये," एवढंच बोलले
आणि कप ठेवून आपल्या गाळ्यात गेले.

परत आले ते फीलर गेजचं एक जुनं पान घेऊन,
टोकाला गंजलेलं.
ते सरकवलं. बोल्ट आवळले,
एक थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला.
पट्टी धरली.
बोरस्तेसुद्धा आत येऊन वाकून बघायला लागला.

चिप आता एकसंध निघाली,
निळसर, गरम, ट्रेमध्ये वेटोळी होत पडली
फोटोवर.
मी मशीन बंद केलं. चक फिरत राहिला,
मग हळू झाला, मग थांबला.

मधोमध बोट ठेवलं.
थंड, गुळगुळीत,
तळहातावरच्या पाण्यासारखं सपाट.
दुसऱ्यांदा ठेवलं.
मिस्त्री म्हणाले, "पुरे. आता भोक पाड,
माणूस खोळंबलाय."